दर उन्हाळ्यात पेस्ट बदलूनही पीसी तापून बंद पडतो? आधी हीटसिंकचे चार पाय तपासा

लक्षण दरवर्षी तेच असते. होळीपर्यंत पीसी ठणठणीत चालतो. एप्रिल लागला की दुपारी दोन-अडीचच्या सुमारास तो रखडतो, आतला पंखा घुमायला लागतो आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म अर्धा भरलेला असतानाच स्क्रीन काळी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बटन दाबले की काही झालेच नव्हते असा सुरू. मग तालुक्याहून कोणीतरी येतो, डबा (कॅबिनेट) उघडतो, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातू) काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये पांढरी पेस्ट लावतो, पैसे घेऊन जातो. आठ-पंधरा दिवस बरे जातात. नवतपा लागला की पुन्हा पाढे पंचावन्न. मृगाचा पाऊस पडल्यावर पीसी आपोआप सुधारतो, म्हणून पुढचे दहा महिने कोणी त्याच्याकडे पाहत नाही. आणि वर्षभराने फोन येतो: “भाऊ, मांगच्या सालीच त पेस्ट लावली होती, यंदा पुन्हा तेच कावून?”

कारण पेस्ट हा रोगच नव्हता. डेस्कटॉपवर नीट लावलेली बऱ्यापैकी पेस्ट चार-पाच वर्षे सहज चालते. काही कंपन्या तर आठ वर्षांचा दावा करतात. ती दर उन्हाळ्यात बदलावी लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे: हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही, किंवा त्याच्या पात्यांत धूळ आणि रुई अडकली आहे, किंवा डबा हवा न मिळणाऱ्या जागी कोंबला आहे. पेस्ट बदलायला डबा उघडला की धूळ थोडी झटकली जाते, हीटसिंकचे पाय पुन्हा दाबले जातात, टेबलाच्या कप्प्यातून डबा बाहेर येतो. फरक या तिन्हींमुळे पडतो आणि नाव पेस्टचे होते.

आधी उन्हाचा हिशेब

प्रोसेसर खोलीपेक्षा थंड राहू शकत नाही. एकाच कामाला, एकाच पंख्याच्या वेगाला तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहतो. या पोस्टमध्ये त्याला ‘फरक’ म्हणू.

समजा डिसेंबरात खोली २० अंशांवर आहे आणि भरपूर काम दिल्यावर प्रोसेसर ६५ वर जातो. फरक ४५. तोच पीसी मे महिन्यात टिनाच्या छताखाली, खोली ४३ वर असताना, ८८ वर जाणार. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात बाहेर पारा ४५-४६ ला टेकतो तेव्हा टिनाखालची खोली ४३ ला असणे काही विशेष नाही. बऱ्याच इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची वरची मर्यादा १०० अंश असते, बहुतेक एएमडी रायझनची ९० ते ९५ च्या दरम्यान. म्हणजे ८८ ला इंटेलवाल्याचे अजून भागते.

आता धुळीमुळे किंवा ढिल्या हीटसिंकमुळे तोच फरक ४५ चा ५७ झाला असे धरा. डिसेंबरात तापमान ७७ होईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. मे महिन्यात ते १०० होईल. तिथे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ‘स्पीड’चा आकडा तीन-साडेतीन गिगाहर्ट्झवरून एकदम एकच्या आसपास किंवा खाली आलेला दिसतो, तो याच कारणाने. तरीही उष्णता वाढत राहिली तर थेट बंद.

म्हणजे बिघाड हिवाळ्यातही असतो, फक्त झाकलेला असतो. तपासणी फेब्रुवारीत करायला हवी. आपण करतो मे महिन्यात, गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर गेल्यावर.

बोट लावून निदान

दोन मोफत प्रोग्राम पुरतात: तापमान पाहायला एचडब्ल्यूइन्फो आणि काम द्यायला सीपीयू-झेड. दुसऱ्यामध्ये बेंच नावाच्या पानावर ‘स्ट्रेस सीपीयू’ असे बटन असते. नेट नसेल तर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, तापमान पाहता येते, पण तिथे प्रोसेसर नीट विश्रांती घेत नाही, त्यामुळे आकडा विंडोजमधल्या रिकाम्या अवस्थेपेक्षा थोडा जास्त दिसतो. त्याने घाबरू नका.

डब्याची बाजूची पत्री काढा. खोलीचे तापमान लिहून ठेवा. मग स्ट्रेस सुरू करून आकडा कसा चढतो ते पाहा. किती चढला यापेक्षा कसा चढला हे जास्त बोलते.

हळूहळू चढला, पंधरा-वीस मिनिटांत ९० च्या पुढे गेला आणि स्ट्रेस थांबवल्यावर उतरायलाही वेळ लागला, तर पेस्ट आणि हीटसिंकचा जोड ठीक आहे. उष्णता प्रोसेसरमधून धातूत जाते आहे, पण धातूतून बाहेर पडत नाही. धूळ, मंद पंखा किंवा कोंदट जागा.

बटन दाबताच पाच-दहा सेकंदांत ९५ ला भिडला आणि थांबवताच तितक्याच झपाट्याने पन्नाशीत आला, तर जोड बिघडला आहे. उष्णता धातूत पोचतच नाही. इथे एक अपवाद धरा: अलीकडचे ताकदवान प्रोसेसर छोट्या कूलरवर (हीटसिंक आणि त्याचा पंखा) असले की मुळातच झटकन चढतात. आपल्याकडच्या फॉर्म भरण्याच्या केंद्रांतल्या इंटेलच्या जुन्या आय-३, आय-५ ला मात्र ही कसोटी चांगली लागू पडते.

खात्री करायची असेल तर आकडा ९० च्या वर असताना पीसी बंद करा, वायर काढा, पंखा थांबू द्या आणि लगेच हीटसिंकच्या धातूला बोट लावून पाहा. प्रोसेसर नव्वदीत आणि हीटसिंक जेमतेम कोमट असेल तर मधला जोडच बिघडला आहे. हीटसिंकही चटका देण्याइतका तापला असेल तर पेस्टला हात लावू नका, ती आपले काम करते आहे.

तिसरी शक्यता लोक विसरतात. तापमान साठ-सत्तरच्या पुढे जातच नाही आणि पीसी तरी बंद पडतो. मग हा उष्णतेचा प्रश्नच नाही. शेजारी मोटर सुरू झाली, विजेचा दाब पडला, यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, किंवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) थकला आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवून काही जण सांगतात की बघा, पॉवरचा प्रॉब्लेम आहे. ती नोंद फक्त एवढेच म्हणते की पीसी रीतसर बंद झाला नव्हता. तापून बंद पडला तरी तीच नोंद येते आणि कोणी प्लग ओढला तरी तीच. उलट ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७’ ही नोंद दुपारच्या वेळी वारंवार येत असेल तर प्रोसेसरचा वेग खाली ओढला जातो आहे, हे जास्त उपयोगाचे आहे.

पहिला इलाज फक्त धुळीचा

हीटसिंक न काढता आधी सफाई करा. सफाई आणि पेस्ट एकाच दिवशी केली तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही, आणि दरवर्षीचे चक्र तिथेच सुरू होते.

आपल्याकडची धूळ नुसती माती नसते. जिनिंगच्या आसपास हवेत रुईचे तंतू असतात. ते पंखा आणि हीटसिंकची पाती यांच्यामध्ये जाऊन पसरतात आणि जाड चादर तयार होते. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो, चादर खाली असते. टॉर्च मारून पंख्याच्या पात्यांमधून पाहा. खालचा धातू दिसत नसेल तर हवा जातच नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघते तेव्हा थ्रेशरचे बारीक कुटार घरात येते, ते वेगळेच. त्यावर उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरची ओली हवा लागली की सगळे पात्यांवर चिकटून घट्ट होते, मग नुसत्या ब्रशने निघत नाही. खारपाणपट्ट्यात कूलरच्या टाटीवर जसे पांढरे क्षार साचतात, तेच पाणी तुषार होऊन उडत असेल तर मदरबोर्डासाठीही वाईट. कूलर खोलीत असू द्या, त्याचा झोत थेट डब्यावर नको.

रंगाचा मऊ ब्रश आणि हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर घ्या. फुंकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरून बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर डबा नेणारे बरेच आहेत. त्या हवेत पाणी आणि तेल असते आणि जोर इतका असतो की छोटे भाग उखडू शकतात. नका नेऊ. एसएमपीएस बाहेरूनच फुंका, उघडू नका; वायर काढल्यावरही त्यात विजेचा धोकादायक दाब शिल्लक असतो.

डबा टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. धुळीसाठी घातलेले प्लास्टिकचे कव्हर पीसी सुरू असताना काढलेच पाहिजे. हे सांगावे लागते, कारण नुसते मागून वर दुमडून चालवणारे पुष्कळ आहेत.

आता पुन्हा स्ट्रेस लावून फरक मोजा आणि आठवडाभर चालवून पाहा. बहुतेकांचे काम इथेच संपते.

हीटसिंक काढायचाच असेल तर

पीसी दहा मिनिटे चालवून गरम करा, मग बंद करा. गरम पेस्ट सैल असते. वायर काढल्यावर पॉवरचे बटन दोन-तीन वेळा दाबा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट अंगावर चटचट करतो. तीच स्थिर वीज चिपला मारू शकते. सुती कपडे घाला आणि काम करताना अधूनमधून डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावत राहा.

इंटेलसोबत येणाऱ्या गोल हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या, म्हणजेच पाय, असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवली की खुंटी सुटते, मग ती वर ओढायची. २००४ मध्ये एलजीए ७७५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) आले तेव्हापासून ही पद्धत चालू आहे आणि एलजीए १७०० च्या कंपनी-कूलरमध्येही आहे. माझ्या मते पीसीच्या डब्यातला सगळ्यात दुर्बळ भाग हाच.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटवाल्यांनी वेगळी काळजी घ्यायची. तिथे पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. हीटसिंक सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी क्लिप किंवा स्क्रू सोडा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवत राहा. सुटला की मगच उचला. इंटेलमध्ये आणि नव्या एएम-५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. पेस्ट बदलण्यासाठी प्रोसेसर काढायची गरजच नसते, तो जागेवर राहू द्या.

पुसण्याआधी ठसा वाचा

हीटसिंक निघाल्यावर लगेच कापड घेऊन पुसायला बसू नका. दोन्ही बाजूंना पेस्टचा जो ठसा उमटला आहे त्यात सगळी हकीकत लिहिलेली असते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सगळीकडे पातळ थर आणि मध्यभागी खालचा धातू झळकतो, हा चांगला ठसा. एका कोपऱ्यात पातळ आणि समोरच्या कोपऱ्यात जाड, म्हणजे एक पाय बसलेला नव्हता. सगळीकडेच जाड थर असेल तर दाब कमी पडला आहे. पेस्ट जास्त झाली तरी पुरेसा दाब असेल तर ती कडेने बाहेर पडते, मध्ये साचून राहत नाही. मधोमध कोरे आणि भोवती रिंगण असेल तर पेस्ट कमी पडली होती किंवा वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने बाहेर सरकली. खरवडल्यावर भुगा पडतो, ती पेस्ट खरोखर म्हातारी झाली. क्वचित नव्या कूलरच्या बुडाला लावलेले पारदर्शक प्लास्टिक सोलायचेच राहिलेले सापडते. त्यावर ‘काढा’ असे इंग्रजीत मोठ्या अक्षरात छापलेले असते, तरीही.

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावरचा पीसी पाहिला होता. ठशावर तीन रंग दिसत होते: खाली राखाडी, मध्ये पांढरी, वर पुन्हा राखाडी. आधीची न पुसता दरवर्षी नवी पेस्ट चढत गेली होती. आणि एका खुंटीचा एक तुकडा तुटून बोर्डाच्या मागे पडलेला होता, कधीचा कोण जाणे. इतक्या पेस्टी लावणाऱ्यांपैकी कोणीच बोर्ड मागून पाहिला नव्हता.

खुंट्यांचे दुखणे

खुंटीचे दोन भाग असतात: बाहेरची चिरलेली नळी आणि आत जाणारा काळा खिळा. नळी बोर्डाच्या भोकातून पार गेली की खिळा तिला आतून फाकवतो आणि ती अडकते. वर्षानुवर्षे तापून हे प्लास्टिक ठिसूळ होते. दर उन्हाळ्यात काढ-घाल केल्याने ते आणखी लवकर तुटते. म्हणजे पेस्ट बदलण्याचा उपायच रोग वाढवतो, यातली खरी गंमत ही.

शिवाय बोर्ड डब्यात बसवलेला असताना खुंटी दाबली की बोर्ड खाली वाकतो. वरून ‘कट्’ असा आवाज येतो, दाबणारा समाधानी होतो, पण नळी अर्धीच गेलेली असते. दोन दिवसांनी ती वर सरकते. म्हणून मागून पाहिल्याशिवाय खात्री धरू नका. बऱ्याच डब्यांत मागच्या पत्रीला प्रोसेसरच्या मागे खिडकी असते, तिथून चारही नळ्या फाकलेल्या आणि मधोमध काळा खिळा आलेला दिसला पाहिजे. खिडकी नसेल तर बोर्ड बाहेर काढून बसवा. अर्धा तास जास्त लागेल, पण वर्षाचे काम होईल.

एक खुंटी जरी तुटली असेल तर त्या कोपऱ्यात जितकी पेस्ट घालाल तितकी वायाच. रबर लावून, तार बांधून, फेविक्विकने चिकटवून चालवलेले नमुने पाहिले आहेत. खुंट्यांचा नवा संच सुटा मिळतो. नागपूरला सीताबर्डीच्या दुकानांत विचारा, ऑनलाइनही असतो. आपले सॉकेट मात्र नीट सांगा: ७७५ च्या भोकांतले अंतर ७२ मिलिमीटर, ११५० पासून १२०० पर्यंतच्या मालिकेत ७५ आणि १७०० मध्ये ७८. दिसायला सारखेच, पण एकाचा कूलर दुसऱ्यावर बसत नाही, आणि जबरदस्ती बसवला तर एक बाजू उचललेली राहते.

पुन्हा हा खेळच नको असेल तर मागून लोखंडी किंवा जाड प्लास्टिकची पट्टी आणि पुढून चार स्क्रू असलेला कूलर घ्या. जुन्या ब्रँडेड ऑफिस पीसीत, जे आता सेकंडहँड म्हणून गावोगाव आले आहेत, बहुधा असाच स्क्रूवाला कूलर असतो. महागड्या पेस्टवर पैसे घालवण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा.

महाग पेस्टचे गणित

प्रोसेसरची टोपी (वरचे धातूचे झाकण) आणि हीटसिंकचे बूड डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यात सूक्ष्म खाचा असतात. त्यात हवा राहिली तर उष्णता अडते. उष्णता वाहून नेण्याची क्षमता एका मापात मांडली तर हवा ०.०२६, साधी पांढरी पेस्ट एकच्या आसपास, चांगली राखाडी पेस्ट ४ ते ८ आणि तांबे जवळजवळ ४००. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली आणि धातूपेक्षा कितीतरी वाईट. म्हणून ती फक्त खाचा भरण्यापुरती हवी, थर म्हणून नको.

आता ६५ वॅटचा प्रोसेसर घ्या, टोपी चौरस, बाजू साधारण ३७ मिलिमीटर. नीट दाबलेला थर ०.०५ मिलिमीटर धरला तर ४ मापाच्या पेस्टमध्ये अर्ध्या अंशाच्या आसपास तापमान पडते, ८ मापाच्या पेस्टमध्ये त्याच्या निम्मे. आणि खुंटी निघून अर्धा मिलिमीटर फट झाली, तीत पांढरी पेस्ट भरली, तर वीसहून जास्त अंश. हा कागदावरचा हिशेब आहे. खरी उष्णता टोपीखालच्या छोट्या चिपमधून येते म्हणून प्रत्यक्ष आकडे वाढतात, पण मोठा फटका फटीचाच राहतो. पेस्टीच्या दर्जाने दोन-चार अंश फरक पडेल, फटीने पंचवीस.

म्हणून आर्क्टिकची एमएक्स-४ किंवा त्या दर्जाची कोणतीही वीज न वाहणारी पेस्ट पुरे. नकली माल खूप येतो, ओळखीच्या दुकानातून घ्या. टीव्ही-ॲम्प्लिफायरवाले वापरतात ती डबीतली पांढरी हीटसिंक कंपाउंड अडल्यावेळी जुन्या आय-३ ला चालते, फक्त लवकर वाळते. टूथपेस्ट, बोरोलीन, तूप यांचे प्रयोग नकोत. पाणी उडाले किंवा तेल वितळले की संपले. आणि द्रवरूप धातूवाली पेस्ट कितीही गाजलेली असो, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर लावायची नाही. तिच्यातले गॅलियम ॲल्युमिनियम पोखरते, शिवाय सांडली तर बोर्ड शॉर्ट होतो.

लावायची कशी

दोन्ही पृष्ठे पूर्ण पुसा. मोबाइल रिपेअरवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असते, तो त्याला आयपीए म्हणतो. थोडे मागून आणा. चष्मा पुसायचे जुने सुती कापड भिजवून कडेकडून मध्याकडे पुसायचे, म्हणजे घाण बोर्डावर पसरत नाही. सॅनिटायझर नको, त्यातले ग्लिसरीन मागे राहते. रॉकेल, पेट्रोल, पॉलिश पेपर काहीच नको. पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नका.

पेस्ट मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. ४ ग्रॅमच्या सिरिंजमध्ये अशा वीसेक वेळा होतात. एलजीए १७०० ची टोपी लांबट असते, तिथे दाण्याऐवजी लांबीच्या दिशेने छोटी रेघ ओढा. बोटाने किंवा कार्डाने पसरवत बसण्याची गरज नाही. पसरवताना हवेचे बुडबुडे अडकतात. हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते.

खुंट्या बसवण्याआधी बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा. हे राहिले तर त्या अडकतच नाहीत. हीटसिंक सरळ खाली ठेवा, एकदा टेकला की उचलून पुन्हा ठेवू नका. मग समोरासमोरच्या, म्हणजे कर्णातल्या दोन खुंट्या एकदम दाबा, नंतर उरलेल्या दोन. स्क्रू असतील तर तेही कर्णाने, थोडे थोडे. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा आणि ती पात्यांत येत नाही ना ते पाहा. सुरू करताच पंख्याची चूक दाखवून एफ-१ दाबायला सांगितले तर बहुतेक वेळा हीच वायर चुकलेली असते.

लॅपटॉपसाठी दोन शब्द

लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते, टोपी नसते. तिथे पातळ पेस्ट तापण्या-निवण्याने खरोखरच लवकर बाहेर सरकते, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी बदलणे रास्त. घट्ट पेस्ट किंवा गरम झाल्यावर मऊ होणारी पीटीएम ७९५० पट्टी जास्त टिकते. स्क्रूंवर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने घट्ट करा, आणि शेजारच्या चिपांवरची रबरी पॅडे फाटली असतील तर तेवढ्याच जाडीची घ्या. जाड पॅड घातले की मुख्य चिपवरचा दाब जातो आणि डेस्कटॉपच्या तुटक्या खुंटीचीच गत होते.

डब्याच्या आत चिठ्ठी

काम झाल्यावर वीस मिनिटे स्ट्रेस चालवा आणि पत्रीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या टेपवर मार्करने लिहा: तारीख, खोली किती, प्रोसेसर किती, फरक किती, पेस्ट कोणती. पुढे कोणीही डबा उघडला तरी त्याला अंदाजाने पेस्ट लावायची पाळी येणार नाही. फेब्रुवारीत तोच प्रोग्राम, तितकाच वेळ चालवून फरक पुन्हा मोजा. पाच-सात अंशांनी हळूहळू वाढला असेल तर ब्रश आणि ब्लोअर. पंधरा-वीसने एकदम उडी मारली असेल तर पेस्टची सिरिंज काढण्याआधी बोर्ड मागून बघा.